मेंढ्यांनी सोडलेली जागा

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, कुणाच्या गाडीचं स्टिअरिंग आपोआप फिरलं... वाचायचं, थोडं हसायचं आणि कामाला लागायचं. आमच्या घरात उपास, प्रवचनं, पर्युषण सगळं असतं, पण भुताखेतांचा विषय कधी निघाला नाही. वडील म्हणायचे, भूत खरंच असतं तर एव्हाना त्याने आपलं गोडाऊन भाड्याने मागितलं असतं! मीही त्याच वळणाची. आणि आजही मी भूत पाहिलं असं म्हणत नाहीये. जे घडलं तेवढं सांगते. नावं बदलली आहेत.

आम्ही मूळचे राजस्थानातले, पण कित्येक पिढ्या जालन्यात. घरचा धंदा बियाण्यांचा. मी मात्र बडोद्याला कला शिकले आणि परत आले. मी चित्रकार नाही, प्रदर्शनं उभी करते. क्युरेटर म्हणजे काय, हे जालन्यात सांगताना मी म्हणते — लग्नात आचारी, मांडववाला आणि बँडवाला यांची गाठ घालून देणारी एक काकू असते ना, ती मी. माझी आवड एकच. एखादा कलाकार, एखादा शास्त्रज्ञ आणि आपल्याकडचीच एखादी जागा, या तिघांना एकत्र बसवायचं आणि काय निघतं ते बघायचं.

या वेळी कलाकार होता शंतनू. माझ्या शाळेतला, नदीपलीकडे जुन्या जालन्यात आईबरोबर राहणारा. धाग्यांत काम करायचा. शास्त्रज्ञ होत्या मृणालताई. जनावरं कशी फिरतात, कुठे थांबतात, यावर त्यांचा अभ्यास. आणि जागा होती भोकरदन तालुक्यातलं हसनाबादचं शिवार.

कल्पना साधी होती. काही मेंढ्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधायचे. दिवसभर त्या जिथे जिथे जातील त्याची रेघ संगणकावर उमटणार. तीच रेघ शंतनू लोकरीच्या धाग्याने जमिनीवर मांडणार. थोडक्यात, मेंढ्यांना चित्र काढू द्यायचं.

कळप होता लिंबाजीकाका आणि गयाबाई या जोडप्याचा. सोयाबीन-मका निघाला की शेतकरी त्यांना बोलावून घेतात, रात्री मेंढ्या शेतात बसवतात, खत होतं. दिवसा कळप आसपासच्या रानात चरतो. आम्ही जाऊन-येऊन तिथेच असायचो. शंतनू तर त्यांच्यातलाच झाला होता. गयाबाईंनी त्याला लोकर पिंजायला शिकवलं. एक काळं, लंगडं कोकरू त्याच्या मागेमागे फिरायचं, त्याच्या शर्टाची बाही चघळायचं.

पट्टे बांधून थोडे दिवस झाल्यावर मृणालताईंनी मला लॅपटॉपसमोर बोलावलं.

"हे बघ. सगळ्या रेघा एका ठिकाणी वळतायत."

पडद्यावर रेघांचं जाळं होतं आणि त्याच्या मधोमध एक गोल मोकळा राहिला होता. घरासमोरच्या अंगणाएवढा. एकही मेंढी एकदाही त्यातून गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ती जागा बघायला गेलो. काही नव्हतं हो तिथे. सपाट पडीक रान. दगड नाही, खड्डा नाही, झाड नाही. फक्त आतलं गवत उंच होतं... कुणी तोंड न लावलेलं.

"काका, इथून मेंढ्या का जात नाहीत?" मी विचारलं.

"कुठं? जातेत की," लिंबाजीकाका म्हणाले.

मग त्यांनी हाका घालत कळप सरळ त्या बाजूला वळवला. आम्ही बघत उभे. जवळ आल्यावर कळप मधोमध फाटला, दोन्ही अंगांनी गेला आणि पलीकडे पुन्हा एक झाला. एकही मेंढी बिचकली नाही, ओरडली नाही. ओढ्याचं पाणी खडकाला वळसा घालतं तशा गेल्या. फक्त खडक नव्हता.

काका डोकं खाजवत राहिले. "इतके दिस चारून राह्यलो इथं, पण ध्यानातच आलं न्हाई. मेंढराचं काय ताई, एक वळलं की सगळे वळतेत."

मृणालताई या असल्या गोष्टींना घाबरणाऱ्यातल्या नाहीत. लांडग्याचा वास असेल, कधीतरी फवारणीचं औषध सांडलं असेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी माती तपासून घेतली, जमिनीतून कुठला वायू येतोय का ते बघितलं, आणखी काही मोजमापं घेतली. शेजारच्या रानात जे, तेच इथे. फरक शून्य.

शंतनू मात्र खूश. मला म्हणाला, "रुची, हेच आपलं प्रदर्शन! या रेघा नाही... ही रिकामी जागा!"

आणि ती आतून कशी दिसते ते काढायला तो कागद-पेन्सिल घेऊन त्या गोलात जाऊन बसला. आम्ही थोड्या अंतरावर बाभळीखाली भाकरी-ठेच्याचं फडकं सोडून बसलो होतो.

"ए पोरा, भाकर खाऊन घे!" गयाबाईंनी हाक मारली.

"आलो मावशी."

पण आला नाही. ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून होता. परत आला तेव्हा हसतच होता. मी विचारलं, काय होतं आत? म्हणाला, "काहीच नाही गं. एकदम मोकळं वाटलं." त्याने सवयीने कोकराकडे हात केला. कोकराने त्याच्याकडे बघितलं, वळलं आणि आईच्या पलीकडे जाऊन उभं राहिलं.

गयाबाई हसल्या. "रुसलं तुझ्यावर."

आम्ही सगळेच हसलो.

आम्ही जालन्याला परतल्यावर गयाबाईंचा फोन आला. "ताई, आता जातेत बरं मेंढरं तिथून. बराबर मधून. गवत बी खाऊन टाकलं सगळं."

मी मृणालताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बघ, वास गेला असणार. मलाही ते पटलं. मांडणीच्या धांदलीत मी तो विषय सोडून दिला.

प्रदर्शन होतं एमआयडीसीत. माझ्या काकांची (आम्ही त्यांना काकासा म्हणतो) बियाणं साफ करायची एक जुनी शेड रिकामी पडली होती, ती आम्ही धुऊन-पुसून घेतली. शेजारी सळईचे कारखाने, दिवसभर लोखंडाचा आवाज आणि टेम्पोंची ये-जा. जमिनीवर शंतनूने लोकरीच्या रेघा मांडल्या, मधला गोल मोकळा सोडला. आणि मृणालताईंची एक भर होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात दारातच एक छोटा टॅग अडकवायचा. शेडमध्ये माणसं कशी फिरतात त्याच्या रेघा समोरच्या भिंतीवर तिथल्या तिथे उमटणार. मेंढ्यांचं चित्र जमिनीवर, माणसांचं भिंतीवर.

उद्घाटनाला अपेक्षेपेक्षा जास्त गर्दी झाली. कॉलेजची मुलं, व्यापारी, कारखान्यातले कामगार, हसनाबादहून आलेली मंडळी. शंतनू शेडच्या एका कडेला उभा राहून बोलत होता, हातात माइक. मी भिंतीकडे बघत होते. रेघा वाढत होत्या, एकमेकींवर चढत होत्या... आणि एका कडेला काहीच उमटत नव्हतं.

गोल. अंगणाएवढा. त्याच्या बरोबर मध्यात एकच ठिपका. तो शंतनूचा टॅग होता.

कुणाच्या तरी लक्षात आलं. "अरे वा, बघा बघा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे कामातच आहे. शंतनूलाही गंमत वाटली. तो बोलत बोलत शेडच्या मध्यावर आला. भिंतीवरचा गोल त्याच्याबरोबर सरकला. माणसं बाजूला होत होती... कुणी दचकून नाही, कुणी त्याच्याकडे बघूनही नाही. आपापसात बोलत, चहाचा कप सांभाळत, सहज चार पावलं मागे. गर्दी इतकी, की कडेची माणसं भिंतीला चिकटली होती. तरी मधली जागा कुणी घेतली नाही.

मृणालताई माझ्याजवळ आल्या. चेहरा उतरलेला. "हा प्रोग्राम मी लिहिलाय," त्या म्हणाल्या. "यात असं काही नाहीये."

घरी जाऊन मी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बघितलं. माझी खात्री होती की सुरुवातीला माइक मी शंतनूच्या हातात दिला. व्हिडिओत मी वाकते आणि माइक जमिनीवरून त्याच्याकडे सरकवते. तो उचलून घेतो. मी हसते, वळते, निघून जाते. पुन्हा पुन्हा बघितलं. मला त्यातलं काही आठवत नव्हतं. मला आठवत होता तो त्याचा हात.

मी शंतनूला फोन केला. व्हिडिओत काय दिसलं ते सांगितलं.

"मी तुलाच विचारणार होतो," तो म्हणाला. "दुकानदार पैसे हातात देत नाहीत, काउंटरवर ठेवून मागे होतात. रिक्षात माझ्याबरोबर कुणी बसत नाही. मला वाटलं, मलाच भास होतायत."

मृणालताईंनी त्याला कपडे बदलायला लावले, साबण बदलायला लावला, त्वचेच्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवलं. डॉक्टरने सगळं नॉर्मल लिहून दिलं. "पण तपासलं कुठे?" शंतनू मला फोनवर म्हणाला. "खिडकीपाशी उभा राहून बोलत होता फक्त."

खरं काय ते मला प्रदर्शन उतरवताना कळलं. भर दुपार. पाच-सहा कामगार, मृणालताई, मी. शंतनू शिडीवर चढून वरच्या तारा सोडत होता. शिडी सरकली आणि तो सिमेंटच्या जमिनीवर पडला. पाय मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"उचला! उचला त्याला!"

सगळे धावले. आणि सगळे त्याच्याभोवती फिरू लागले.

हे कसं सांगू... कुणी थांबलं नव्हतं. जो तो "धरा, धरा" म्हणत होता, हात पुढे करत होता, पाय चालत होते. पण पाय गोल चालत होते. मी त्याच्याकडे जात होते, हे मी शपथेवर सांगते. मला त्याचा चेहरा समोर दिसत होता. आणि दर वेळी माझा खांदा भिंतीला लागत होता.

"रुची!" तो ओरडत होता. "रुची, इकडे ये ना!"

"आले, आले!" मी म्हणत होते.

शेवटी तोच सरपटत दाराबाहेर उभ्या टेम्पोपर्यंत गेला आणि हातांच्या जोरावर मागे चढला. आम्ही वाट करून देत गेलो. बघा... वाट करून देत गेलो. ड्रायव्हरने केबिनमध्ये बसून टेम्पो दवाखान्यात नेला. नंतर मी एका कामगाराला विचारलं, शंतनूला का उचललं नाही? तो गोंधळला. "उचललं की मॅडम. मीच तर खांद्याला धरल्तं."

दवाखान्यात तेच. एक्स-रेच्या टेबलावर तो स्वतः चढला, पाय स्वतः सरळ केला, ओठ दाताखाली धरून. प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या नर्सने ट्रॉलीवर ठेवून ढकलल्या. डॉक्टर दारातून सांगत होते, आता इथून गुंडाळा, आता घट्ट करा... जणू रोज असंच करतात. मला राहवलं नाही.

"डॉक्टर, तुम्ही हात लावून बघणार नाही का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "बघितलं की," म्हणाले. "आत्ताच तर बघितलं."

हाड वाकडंच जुळलं. तो आता थोडा लंगडतो.

कुबडी घेऊन चालता येऊ लागल्यावर त्यानेच म्हटलं, मला हसनाबादला घेऊन चला. जिथून आणलं तिथे ठेवून येतो. मी पुढे कारमध्ये, तो मागे टेम्पोत. त्या जागेवर आता शेजारच्या रानासारखंच खुरटलेलं गवत होतं, लेंड्या पडलेल्या. तो आधी बसला होता तिथेच जाऊन बसला. सकाळपासून ऊन कलेपर्यंत. लिंबाजीकाकांनी कळप त्या बाजूला हाकला. मेंढ्या आल्या, फाटल्या, पलीकडे एक झाल्या. शंतनू उठून थोडा पुढे आला, पुन्हा कळप हाकला. गोल त्याच्याबरोबर पुढे आला होता.

ते काळं कोकरू आता चांगलं मोठं झालं होतं. शंतनूने त्याला हाक मारली. त्याने मान वर केली, कान हलवले आणि पुन्हा चरायला लागलं.

गयाबाई त्याच्यासाठी फडक्यात भाकरी बांधून घेऊन निघाल्या. "काय बी होत न्हाई, मी देते लेकराला," म्हणत ताडताड चालत गेल्या. मी बघत होते. अर्ध्या वाटेवर त्या वळल्या, बाभळीपाशी आल्या आणि फडकं फांदीला अडकवलं.

"दिली?" लिंबाजीकाकांनी विचारलं.

"दिली," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर फांदीकडे गेली. त्या मटकन खाली बसल्या आणि तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. "मी दिल्ती हो... मी दिल्ती त्याच्या हातात..."

शंतनूने लांबूनच हात जोडले. "राहू द्या मावशी. घेईन मी."

त्यानंतर त्यांचा कळप त्या शिवारात आलेला नाही.

या गोष्टीला आता बराच काळ लोटलाय. मृणालताईंनी त्यांच्या ओळखीच्या अभ्यासकांना, मेंदूच्या डॉक्टरांना लिहिलं. प्रत्येकजण म्हणाला, इंटरेस्टिंग आहे, येऊन बघतो. दोघं आलेही. दोघांनीही शंतनूला व्यवस्थित तपासल्याचं सांगितलं आणि काही सापडलं नाही म्हणाले. त्या दोन्ही वेळी मी बाहेर, शंतनूच्या अंगणात होते. ते दोघेही माझ्याबरोबर अंगणातच होते.

फोनवर शंतनू पूर्वीसारखा बोलतो. धाग्याचं काम करतो, कुरिअरने पाठवतो, लोक विकत घेतात. त्याची आई अलीकडे ओट्यावर झोपते, थंडीतसुद्धा. आत उकडतं म्हणते. त्याचं ताट उंबऱ्यावर ठेवते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्याला एकट्याला जेवायला आवडतं गं, लहानपणापासून." मला शाळेच्या डब्याच्या सुट्टीतला शंतनू माहिती आहे. त्याने एकट्याने कधी घास घेतला नाही.

मी स्पष्टीकरण शोधायचं सोडलेलं नाही, पण माझ्याकडे ते नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी असं काही पाहिलं असेल तर जरूर लिहा. फक्त शेवटच्या भेटीत जे झालं ते सांगून थांबते.

रविवार होता, दुपारची वेळ. त्याची आई बाहेर गेलेली. मी ठरवून गेले होते की आज काहीही झालं तरी त्याचा हात धरायचा. मी अंगणात उभी, तो आतल्या खोलीत पलंगावर. दोघांच्या मध्ये ओसरी आणि उघडं दार. मी माझ्या आणि माझ्या आईच्या ओढण्या एकमेकींना बांधून लांब दोर केला होता, त्याच्या टोकाला दगड बांधून आत फेकला. दुसरं टोक माझ्या उजव्या मनगटाला, पक्की गाठ मारून.

"मी वळले तरी तू ओढत राहा," मी म्हटलं. "सोडू नको."

"नाही सोडणार."

त्याने ओढायला सुरुवात केली. दोर ताणला गेला. मी डोळे मिटले आणि त्या ओढीच्या दिशेने चालत राहिले. मनगटाला रग लागली होती, म्हणजे मी बरोबर चालले होते. पायाला ओसरीची पायरी लागली. मी चढले. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

मग ओढ सैल झाली.

"शंतनू, सोडू नको म्हटलं ना!"

"मी नाही सोडलं," तो आतून म्हणाला. आवाज खूप लांबून आला.

मी डोळे उघडले. मी फाटकापाशी रस्त्याकडे तोंड करून उभी होते. ओढणी अंगणात पडली होती. माझा डावा हात उजव्या मनगटावर होता, बोटं अजून गाठ सोडताना वळतात तशी वळलेली. नखाखाली ओढणीचा दोरा अडकला होता.

मी वळून बघितलं. शंतनू दारापर्यंत आला होता. तो माझ्यावर चिडला नाही. त्याने ओढणी हळूहळू आत ओढून घेतली, तिची नीट घडी केली आणि उंबऱ्यावर ठेवली.

"जा रुची," तो म्हणाला. "तुला उशीर होत असेल."

आणि मला खरंच वाटलं, की हो, उशीर होतोय. मी घाईघाईने चपला घातल्या, गाडी काढली, पुलापर्यंत आले. तिथे थांबले आणि आठवायला लागले, कशाला उशीर होत होता.

मला त्या दिवशी कुठेही जायचं नव्हतं.